बैल गाडीला ओढतो, गाडी बैलाला तेवढीच ओढते. मग गाडी हलते कशी?

शेवगाशेंग
नमस्कार मंडळी,
प्रश्न माझा नाही, चिरंजीवांचा आहे, पण चार दिवस झाले माझ्याच डोक्यात भुणभुणतोय म्हणून इथे टाकते. पोरगा यंदा नववीत. विज्ञानाचा पहिलाच धडा गतीचे नियम. न्यूटनचा तिसरा नियम (प्रत्येक क्रियाबलाला तेवढंच समान आणि उलट दिशेचं प्रतिक्रियाबल असतं) त्याला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवेल. पण परवा जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणतो, आई, बैल गाडीला पुढं ओढतो ना, मग गाडी पण बैलाला तेवढ्याच जोरात मागं ओढते ना, एक पुढं एक मागं, दोन्ही सारखी, बेरीज शून्य. मग आबांची गाडी चालते कशी?

(सासर सांगोल्याकडचं, सासऱ्यांकडे अजून खिल्लारची जोडी आहे, म्हणून उदाहरणात बैल.)

नवरा म्हणाला अरे बैलाचा जोर थोडा जास्त असतो. त्यावर पोरगा, मग 'समान' का लिहिलंय पुस्तकात? नवरा गप. ट्यूशनला विचारलं तर सांगितलं, नियम आणि दोन उदाहरणं पाठ कर, तेवढंच येतं पेपरात. मी बीकॉम, जन्म बँकेत गेला, मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का, माझ्या भाषेत, म्हणजे मी त्याला सांगू शकेन.

अर्धाचहा
न्यूटनला पोळ्याला जेवायला बोलवा, पुरणपोळी खाल्ल्यावर सांगेल तो स्वतःच.

भुईमूग
सोपं आहे ताई. आधी क्रिया होते, मग प्रतिक्रिया येते. बैलानं ओढलं की गाडीची प्रतिक्रिया यायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात गाडी हललेली असते. एकदा हलली की मग चालतच राहते.

टॉर्क_रेंच
@भुईमूग नाही हो, असं नाहीये. दोन्ही बलं एकाच क्षणी सुरू होतात आणि एकाच क्षणी संपतात, मधे एक सेकंदाचा हजारावा भाग पण नाही. तुम्ही भिंतीला हात टेकवलात की भिंत तुमच्या हाताला त्याच क्षणी दाबते, विचार करून नंतर नाही.

शेवगाताई, तुम्ही बँकवाल्या ना, मग तुमच्याच भाषेत सांगतो. माझ्या खात्यातून ५०० गेले आणि तुमच्या खात्यात ५०० आले. एक डेबिट एक क्रेडिट, रक्कम सारखी, वेळ सारखी. आता या दोन्हीची बेरीज शून्य आली म्हणून कुणी म्हणालं की काही व्यवहारच झाला नाही, कुणाचाच बॅलन्स हलला नाही, तर तुम्ही काय म्हणाल? पोरानं नेमकं तेच केलंय. दोन वेगळ्या खात्यांमधल्या नोंदींची बेरीज मारलीये.

बैलानं ओढलं ते गाडीच्या खात्यात जातं. गाडीनं ओढलं ते बैलाच्या खात्यात. गाडी हलणार का हे बघायचं असेल तर फक्त गाडीचं पासबुक उघडायचं. त्यात दोनच मोठ्या नोंदी आहेत, बैलाची ओढ पुढं आणि चाकाआसाचं घर्षण वगैरे मागं. ओढ घर्षणापेक्षा जास्त झाली की गाडी सुटली. बैल मागं ओढला जातोय याच्याशी गाडीला काही देणंघेणं नाही, ते दुसऱ्याचं खातं.

शेवगाशेंग
अय्या, हे बरं आहे की! म्हणजे डबल एन्ट्री. प्रत्येक नोंदीला समोर एक नोंद असतेच, पण ती दुसऱ्या खात्याला. आता बैलाचं पासबुक सांगा ना दादा, कारण पोरगा लगेच विचारणार की बैलाला गाडी मागं ओढते तर बैल का नाही मागं जात.

निवृत्त_फळा
टॉर्करावांनी खात्यांचं छान सांगितलं, मी ३१ वर्षं शाळेत हे शिकवलं पण हे उदाहरण मला सुचलं नव्हतं, आता वाटतं सुचायला हवं होतं. बैलाचं पासबुक मी सांगतो.

बैलाला पुढं कोण ढकलतं? पोरं म्हणतात बैल स्वतःच. पण स्वतः स्वतःला कुणालाच ढकलता येत नाही. बैल खुरानं जमीन मागं रेटतो, आणि जमीन बैलाला पुढं रेटते. बैल पुढं जातो तो जमिनीमुळं. पावसात चिखलानं भरलेल्या शेतात बघा, खूर घसरला की तोच बैल, तीच ताकद, गाडी जागची हलत नाही, कारण जमिनीनं हात वर केलेले असतात. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या बैलाच्या खुरांना पत्र्या मारतात, खूर झिजू नये आणि पाय धरून राहावा म्हणून.

आता आकडे घेऊ, सोयीचे घेतोय, कुणी वजनकाटा घेऊन गोठ्यात जाऊ नये. जोडी मिळून ८०० किलो. भरलेली गाडी १२०० किलो. गाडीचं घर्षण ४०० न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचं एकक). जमीन जोडीला पुढं रेटते ८०० न्यूटन. तर जोडी आणि गाडी मिळून २००० किलोवर बाहेरून उरलं ८०० वजा ४०० म्हणजे ४०० न्यूटन, त्वरण, म्हणजे चाल वाढण्याचा वेग, ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडीला तेवढं त्वरण द्यायला २४० न्यूटन उरायला हवेत, म्हणजे बैलांची ओढ ६४०. आता बैलांचं पासबुक: जमिनीकडून जमा ८००, गाडीनं मागं ओढून कापले ६४०, शिल्लक १६०. ८०० किलोला १६० न्यूटन, त्वरण परत ०.२ च. हिशेब जुळला. आणि बघा, बैलांनी गाडीला ओढलं ६४०, गाडीनं बैलांना ओढलं ६४०, एका न्यूटनचाही फरक नाही. नियम मोडला नाही आणि गाडीही चालली.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गाडी एकसारख्या चालीनं चालू लागली की ओढ उतरून ४०० वर येते, घर्षणाएवढीच. तेव्हा शिल्लक शून्य असते आणि गाडी चालतच असते. शिल्लक शून्य म्हणजे गाडी थांबली असं नाही, चाल बदलत नाही एवढंच. नवरेबुवांचा 'थोडा जास्त जोर' बहुतेक इथून आला असावा.

आणि तुमच्या चिरंजीवांना सांगा, ते चांगल्या संगतीत आहेत. १६८७ साली न्यूटननं हा नियम छापला तेव्हा खाली स्वतःच दिलेली उदाहरणं म्हणजे बोटानं दगड दाबला तर दगडही बोट दाबतो, आणि दोरीनं दगड ओढणारा घोडा, ज्याला दगडही तेवढाच मागं ओढत असतो. तुमचा बैल म्हणजे न्यूटनचा घोडाच की.

अर्धाचहा
सर, पासबुकात 'जमीन' नावाचा कर्जदार बघून आमच्या गावचे सगळे खातेदार आठवले.

शेवगाशेंग
सर, वाचून दाखवलं त्याला, आकडे त्यानं वहीत परत करून बघितले. आणि मला एक आठवलं ते सांगते, चूक असेल तर सांगा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात. पहिल्या वर्षी मी सासूबाईंच्या मागे वाटी धरून उभी होते तेव्हा जवळून बघितलं होतं, जिथं जू बसतं तिथं कातडं पार जाड, केस गेलेले, घट्टा पडलेला. हात लावला तर चपलेच्या टाचेसारखं टणक. सासूबाई म्हणाल्या होत्या वर्षभर गाडी इथं बसलेली असते. म्हणजे ती जी मागं ओढणारी ६४० ची नोंद आहे ती हीच ना? बैल जू पुढं रेटतो आणि जू बैलाचा खांदा मागं रेटतं.

निवृत्त_फळा
ताई, हीच. याच्यापुढं मी खडू खाली ठेवतो.

भुईमूग
बरं वेळेचं चुकलं माझं, मान्य. पण मग 'प्रतिक्रिया' शब्द का ठेवला? मराठीत प्रतिक्रिया म्हणजे नंतरच येते की. टीव्हीवाले दांडकं घेऊन येतात, काहीतरी घडून गेल्यावर, मग म्हणतात तुमची प्रतिक्रिया सांगा. आणि आधी करतो तो क्रियावाला, मग उत्तर देतो तो प्रतिक्रियावाला. शब्दच फसवतोय.

निवृत्त_फळा
अगदी बरोबर बोललात. माझ्या मते या धड्यातला निम्मा गोंधळ या एका शब्दानं केलाय. भिंत आणि हात यात क्रिया कुणाची, प्रतिक्रिया कुणाची? कुठलंही नाव कुणालाही द्या, काही बिघडत नाही. न्यूटननं मूळ लॅटिनमध्येही क्रिया-प्रतिक्रिया म्हटलंय, पण त्याच वाक्यात पुढं दोन वस्तूंच्या एकमेकांवरच्या क्रिया असंही म्हटलंय, आणि ते 'एकमेकांवर' आपण वर्गात गाळतो. मी शेवटची काही वर्षं पोरांना हे शब्द वापरायला बंदीच केली होती. बोलायचं असं: गाडी बैलाला ओढते, बैल गाडीला ओढतो. नावं उलटी केली की जोडी मिळाली. परीक्षेत मात्र क्रियाबल प्रतिक्रियाबल लिहा बाबांनो, मार्क जातील.

टॉर्क_रेंच
आणि ही नावं उलटी करायची युक्ती एका ठिकाणी फार कामाला येते, जिथं इंजिनियरिंगची पोरंसुद्धा आपटतात. टेबलावर पुस्तक ठेवलंय. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, दोन्ही सारखे. ही तिसऱ्या नियमाची जोडी आहे का?

भुईमूग
आहेच की. सगळीकडे हेच उदाहरण देतात.

टॉर्क_रेंच
नाहीये. नावं उलटी करून बघा. 'पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते', याची उलट 'पुस्तक पृथ्वीला वर ओढतं'. यात टेबल कुठं आलंय का? 'टेबल पुस्तकाला वर रेटतं', याची उलट 'पुस्तक टेबलाला खाली रेटतं'. या दोन वेगळ्या जोड्या आहेत. वजन आणि टेबलाचा रेटा दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत, एकाच खात्यात, म्हणून ती जोडी असूच शकत नाही.

भुईमूग
शब्दांचा खेळ वाटतो हो. सारखे आहेत, विरुद्ध आहेत, अजून काय पाहिजे?

टॉर्क_रेंच
मग लिफ्टमध्ये जा. जुना काट्याचा वजनकाटा घेऊन. उभे राहा, ५० किलो दाखवतोय समजा. लिफ्ट वर जायला सुटली की क्षणभर काटा ५४-५५ कडे जातो. पृथ्वी तुम्हाला आधी ओढत होती तेवढीच ओढतेय, पण काट्याचा रेटा वाढला. तिसऱ्या नियमाची जोडी कधीच, कुठंही, कमीजास्त होत नाही. हे दोघं झाले, म्हणजे ती जोडी नव्हती. टेबलावर ते सारखे होते कारण पुस्तक शांत बसलं होतं, ते काम पहिल्यादुसऱ्या नियमाचं, एकाच खात्यातली शिल्लक शून्य तर चाल बदलत नाही.

भुईमूग
हम्म. आमच्या लिफ्टमध्ये वॉचमन बघत असतो, काटा घेऊन उभं राहिलो तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येईल. पण पटलं. म्हणजे पुस्तक खरंच पृथ्वीला वर ओढतं?

निवृत्त_फळा
ओढतं. चिरंजीव ५० किलोचे धरू, एक मीटर उंच कट्ट्यावरून उडी मारली तर पृथ्वी त्यांना ४९० न्यूटननं ओढते, तेही पृथ्वीला ४९० नंच ओढतात. पण पृथ्वी ६ वर २४ शून्यं इतक्या किलोची. ते मीटरभर खाली येतात तोवर ती जेवढी वर येते ते अंतर प्रोटॉनच्याही वीसेक कोटी पट लहान. बल सारखं, परिणाम सारखा नाही. एसटीच्या काचेवर किडा आपटतो तेव्हाही किड्याला आणि काचेला बल सारखंच लागतं, पण किड्याचं जे होतं ते एसटीचं होत नाही.

खाडीकाठ
माझी पण एक नोंद घ्या. मालवणला लहानपणी मामाच्या होडीतून धक्क्यावर उतरायचं होतं. मोठी माणसं उतरतात तसं ऐटीत उडी मारली. धक्का हातभर पुढं होता, पण मी पायानं होडी मागं रेटली नि होडी गेली मागं, मी जेवढा पुढं यायला हवा होतो तेवढा आलोच नाही, नि मधल्या पाण्यात गेलो दप्तरासकट. मामानं शेंडी धरून वर काढलं आणि पहिला प्रश्न, "दोर कोण बांधतलो, तुझो आजो?" आता कळतं, दोर बांधला असता तर होडी आणि धक्का मिळून एकच मोठी वस्तू झाली असती, ती हलली नसती. नववीत तिसरा नियम आला तेव्हा माझ्या नाकात खारं पाणी गेलं परत.

मुक्काम_कॅलगरी
इकडे हिवाळ्यात रोजच हा धडा असतो. गोठलेल्या पार्किंगमध्ये रुतलेल्या गाडीला ढकलायला गेलो, गाडी जागच्या जागी आणि मी मागं घसरत चाललोय. जमीन म्हणजे कोण हे तेव्हा समजलं सर. त्याच बर्फावर थोडी वाळू टाकली आणि गाडी निघाली. माझी ताकद काय वाळूनं वाढवली नव्हती.

अर्धाचहा
बरं आता सिरीयस प्रश्न, खरंच सिरीयस. बैलाला जमीन, मालवणला होडी, कॅलगरीला वाळू. अवकाशात तर काहीच नाही. मग रॉकेट कुणाला रेटतं? हवा पण नाही तिथं.

टॉर्क_रेंच
हाच प्रश्न न्यूयॉर्क टाइम्सनं १३ जानेवारी १९२० च्या अग्रलेखात अमेरिकन रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्डला विचारला होता, टिंगल करून, की पोकळीत रेटायला काही नसताना रॉकेट चालेल कसं, शाळेत शिकवतात तेवढंही याला माहीत नाही. गॉडर्ड १९४५ साली वारला. १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, टाइम्सनं चूक झाल्याचं छापलं. ४९ वर्षांनी.

रॉकेट हवेला रेटत नाही. ते स्वतःच्याच पोटातला वायू मागं फेकतं, आणि तो वायू रॉकेटला पुढं रेटतो. जोडीदार सोबत घेऊनच निघतं ते. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती वळवलं तेव्हा मुख्य इंजिनाचा जोर होता ४४० न्यूटन, म्हणजे शेवगाताईंच्या पोराच्या वजनाएवढा जेमतेम. तेवढ्यावर सुमारे २३ मिनिटं रेटलं, आणि रेटायला तिथं होतं काय, तर स्वतःचाच जळालेला वायू.

शेवगाशेंग
रविवारी घरात प्रयोग झाला त्याचा अहवाल देते. विमानाची बॅग मोजायचे हुकवाले डिजिटल काटे असतात ना, एक घरात होता, एक शेजारच्या काकूंकडून आणला. दोन्हीचे हुक एकमेकांत अडकवले, एकाचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, दुसरा पोरानं ओढला. गजाकडचा ७.३, पोराकडचा ७.४. लगेच "बघ, मी जास्त ओढतोय!" मग मी म्हटलं काटे बदल. बदलले, तर गजाकडचा ७.४ आणि पोराकडचा ७.३. म्हणजे तो पॉइंट एक काकूंच्या काट्याचा होता, पोराचा नव्हता. मग गजाच्या जागी बाबा. दोघांनी ओढलं, सारखं. बाबांनी नुसतं धरलं, पोरानं ओढलं, तरी सारखं. हळू ओढलं, जोरात ओढलं, आकडे वर गेले पण दोघं हातात हात घालून वर गेले. तासभर पोरगा काहीतरी करून दोन आकडे वेगळे पाडायच्या मागे होता, जमलं नाही. शेवटी वैतागून म्हणाला "गज पण ओढतोय गं मला."

मग लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या चाकाच्या दोन खुर्च्या. बाबा ८२ किलो, पोरगा ४६. दोघांनी पाय वर घेतले, मधे ओढणी, ओढलं फक्त बाबांनी. सरकले दोघंही, पोरगा चार फरश्या, बाबा दोनला जरा जास्त.

टॉर्क_रेंच
झकास! गजाचं वाचून जर्मनीतल्या माग्डेबुर्गचे गोलार्ध आठवले. १६५० च्या दशकात ओटो फॉन गेरिके नावाच्या माणसानं तांब्याचे दोन अर्धगोल जुळवून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी गोल सुटेना. लोक थक्क. पण आता पोराला विचारा, एका बाजूचे आठ घोडे सोडून तिकडची दोरी झाडाला बांधली असती तर ओढ अर्धी झाली असती का?

शेवगाशेंग
विचारलं. म्हणाला "झाड म्हणजे खिडकीचा गज. आठ घोडे फुकट." आणि आता त्याचा पुढचा प्रश्न सर. खुर्चीवर पाय न टेकवता, कशालाही न धरता, तो कंबरेला झटके देत देत खुर्ची पुढं नेतो. अंग हळू पुढं, झटक्यात मागं, असं. बोटभर बोटभर सरकते खरंच, मी बघितलंय. स्वतः स्वतःला ढकलता येत नाही म्हणालात, मग हे काय?

निवृत्त_फळा
वा! हा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर मी तास तिथंच थांबवून चहा मागवला असता. ढकलतेय जमीनच, चाकांमधून. अंग हळू हलवताना खुर्चीवर येणारा जोर कमी असतो, तेवढा चाकाचं घर्षण झेलतं, खुर्ची जागेवर राहते. झटका देताना जोर मोठा असतो, घर्षणाला झेपत नाही, खुर्ची सरकते. एका दिशेला जमीन पकडून ठेवते, दुसऱ्या दिशेला सोडते, म्हणून पुढं जाणं होतं. चाकांत तेल घालून बघायला सांगा, जमीन जेवढी कमी पकडेल तेवढं त्याचं पुढं सरकणं कमी होईल, नुसता जागच्या जागी मागंपुढं होत राहील.

शेवगाशेंग
तेल घालायची वेळ गेली सर. सकाळीच एक चाक निखळलंय, बाबा सोफ्याखाली बॉल शोधतायत.